शेवंतीचे खूर

कोल्हापूर,
११ डिसेंबर १९७४

प्रिय नृसिंह,

भिलाईला आता थंडी चांगलीच पडली असेल. इथं गुऱ्हाळं सुरू झालीत. परवा आई गडमुडशिंगीहून काकवीचा डबा घेऊन आली आणि तुझी चौकशी करून गेली. तुला लिहायचं म्हणून मागचे काही रविवार मी कागद घेऊन बसलो आणि तसाच उठलो. आज लिहूनच उठणार आहे. जे सांगायचंय ते पहिल्या ओळीत मावत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगतो. घाई न करता वाच.

गेल्या वर्षी माझी बदली इथल्या जनावरांच्या दवाखान्यात झाली हे तुला ठाऊक आहे. म्हशी-बैलांचं ठीक चालतं. दूध देणाऱ्या, नांगर ओढणाऱ्या जनावराकडे माणूस लक्ष देतो. घोड्यांचं मात्र बघवत नाही. रिक्षा आल्या, टांगे उठत चालले, उरलेले घोडे स्टेशनसमोर नाहीतर वरातीत दिसतात. घोड्याचा खूर आपल्या नखासारखा वाढतच असतो, तो वेळच्या वेळी कापून नाल बदलावा लागतो, हे घोडेवाल्याला मी सांगायला नको. पण वरातीच्या घोड्याची झूल नवी, कपाळावरचे आरसे नवे, आणि खाली वाकून बघावं तर खूर पुढे वाढून जोड्याच्या चोचीसारखे वर वळलेले. बोललं की उत्तर ठरलेलं, 'चालतंय की अजून, डाक्टर.' एक जण म्हणाला, 'लगीनसराई सरू दे, मग बघू.' त्याचा घोडा त्याच लगीनसराईत भर रस्त्यात खाली बसला तो उठलाच नाही. नवरदेवाला कुणाच्या तरी स्कूटरवरून पुढे नेलं आणि बँडही त्याच्या मागून गेला. घोड्यापाशी मी आणि नालबंद जोतीराम, दोघंच उरलो. तेव्हापासून माझी जीभ फार कडू झाली आहे. मालकांशी भांडतो, पोलिसात देईन म्हणतो, एकाला दिलंही. जोतीराम म्हणतो, 'जनावराला औषध देताय आन् माणसाला शिव्या. माणसाला कशाचाच गुण येत न्हाय, डाक्टर.'

दिवाळी झाल्यावर एके दिवशी मंगळवार पेठेतली एक बाई दवाखान्यात आली. त्यांच्या परसाच्या भिंतीपलीकडे एक घोडी दिवसभर आडवी पडलेली असते, वास सुटलाय, मालक म्हातारा आहे आणि कुणाला आत येऊ देत नाही, असं म्हणाली. मी पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर निघालो. त्या मालकाला काय काय सुनवायचं ते रस्ताभर मनात जुळवत होतो. असल्या माणसाच्या दारात जनावर बांधू नये, त्याला चाबकानं फोडून काढला पाहिजे, असलं बरंच काही. बाई बोळात वळली तेव्हा मी तिला म्हणालो, तुम्ही घर चुकलात. ती म्हणाली, 'न्हाय हो, ह्येच.' ते तुझं घर होतं.

तुला वाटेल, वर्षभर गावात असून मला कसं कळलं नाही. मी जात होतो रे. सोप्यात बसायचो, तुमचं घर सांभाळणाऱ्या बायडाबाई चहा आणायच्या, तुझे अप्पा पागेतल्या जुन्या गोष्टी सांगायचे. कुठल्या घोड्याला कुठली खोड होती, कोण स्वार कसा बसायचा, एकही नाव चुकायचं नाही. शेवंती कशी आहे विचारलं की म्हणायचे, 'झ्याक. सकाळीच रंकाळ्याला फेरी मारून आलो.' अप्पांच्या घोडीचे खूर बघायला मागच्या दारी जावं हे मला सुचलंही नाही. कसं सुचावं? संस्थानच्या पागेत ज्यांची उमर घोडी शिकवण्यात गेली, जे सकाळी चारही खूर हातात घेऊन बघितल्याशिवाय चहाला शिवायचे नाहीत, त्यांचे डोळे चुकवून एखादा खिळा सैल राहील हेसुद्धा कुणी मानलं नसतं. माझे वडील त्याच पागेत गवताचे भारे टाकायचे. तुला आणि मला अप्पांनी एकाच दिवशी एकाच घोड्यावर बसवलं, मी पुढे आणि तू मागे, हे आठवत असेल. काही जणांना ते रुचलं नव्हतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हा वडील बिचकतच ते सांगायला तुमच्याकडे आले होते. अप्पा म्हणाले, 'बरं केलंस. आता माझ्याबी म्होरं मान खाली घालायची न्हाय.' जनावरांच्या डॉक्टरकीला जा असं मला सांगणारेही तेच. पुढे तू भिलाईला गेलास, तुझी आई गेली आणि त्याच सुमारास त्यांनी शेवंतीला शिंगरू असताना आणलं. त्या घरात बोलायला मग ती आणि बायडाबाई, एवढंच माणूस उरलं.

मागच्या दारी शेवंती कुशीवर पडली होती. पुढचे दोन्ही खूर एवढे वाढले होते की ती उभी राहिली तरी टाचांवरच राहिली असती. एका पायात झिजलेला नाल वाढत्या खुरात रुतून बसला होता. तळवा सडलेला, अंगाला पडून पडून जखमा झालेल्या. दावणीत हिरवी वैरण नुसती रचलेली होती आणि पाण्याची बादली कोरडी होती. अप्पा इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. मला बघून खूश झाले. म्हणाले, 'ये बाबासो. कालच जोतीराम नाल मारून गेला. बघ की, कशी टवटवीत दिसतीया.' त्यांच्या पायाशी घोडी कण्हत होती.

मी आत जाऊन बायडाबाईंवर ओरडलो. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'मी काय करू रं? रोज म्हणत्यात, काल केलं. वैरण टाकत्यात, घटकाभरानं परत टाकत्यात, पाण्याचं इसारत्यात. मी पाणी द्याय गेले तर म्हणत्यात, तुला काय कळतंय घोड्यातलं. म्हातारपन म्हनून मी गप ऱ्हायले.' जोतीरामला गाठलं तर तोही मान खाली घालून सांगू लागला, 'कितींदा तरी गेलतो, डाक्टर. काल करून गेलास, आज परत कशाला आलास, मला फसवतोस व्हय, म्हनून हाकलून दिलं. त्यांच्याम्होरं मी काय बोलनार?' म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि अप्पांना घोड्यातलं शिकवायचं कुणी, म्हणून सगळे परत फिरले होते.

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना उघडायच्या आधी जोतीराम आणि मी रोज तिथं जाऊ लागलो. एका वेळी थोडं थोडं करून खूर कापले, रुतलेला नाल काढला, सडलेलं सगळं पोटॅशच्या पाण्यानं धुतलं, खाली भाताचा पेंढा अंथरला. शेवंतीनं एकदाही लाथ झाडली नाही. एवढं दुखत असूनही पाय हातात देत होती. एके सकाळी आम्ही कामात असताना अप्पा आले. जोतीरामला त्यांनी हातानंच बाजूला केलं, उकिडवे बसले आणि तिचा पाय उचलून असा अलगद मांडीवर घेतला की मला पागेतले अप्पा दिसले. अंगठ्यानं तळवा दाबत गेले. मग म्हणाले, 'आतलं हाड सुटून खाली उतरलंय. ही आता उभी ऱ्हायाची न्हाय.' माझंही तेच मत झालं होतं, फक्त बोलायचा धीर होत नव्हता. मी काही म्हणणार तोच त्यांनी मान वर केली आणि विचारलं, 'कुणाचं जनावर हाय ह्ये?'

अप्पांचा चेहरा लाल झाला होता. 'मालकाला बलीव,' ते मला म्हणाले. 'हितं म्होरं हुबा कर त्याला. असल्या मानसाच्या दारात जनावर बांधू ने, बाबासो. चाबकानं फोडला पायजे.' नृसिंह, हे शब्द मी त्या बोळापर्यंत मनात घोळवत आणले होते. जोतीराम उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बायडाबाई आत निघून गेल्या. मी म्हणालो, 'व्हय अप्पा, बलीवतो.'

त्यानंतर शेवंती फार दिवस काढू शकली नाही. खाणं सुटलं, आणि एक दिवस मी ठरवलं की आता तिला सोडवायचं. अप्पांना न विचारता ते करणं मला जमेना. सुई भरून ठेवली आणि त्यांना हाताला धरून परसात आणलं. ते तिच्या डोक्याशी बसले, आयाळीतून हात फिरवत राहिले. त्या दिवशी त्यांना काय झालं देव जाणे, सगळं धुकं निघून गेल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते. म्हणाले, 'शेवंती न्हवं ही?' मी हो म्हणालो. तिचे पाय बघितले, कापलेले खूर बघितले, मग माझ्याकडे बघून विचारलं, 'माझ्यामुळं झालं का रं ह्ये?'

मी नाही म्हणालो. जुनं दुखणं होतं, आतून होतं, कुणालाच कळलं नसतं, असं सांगितलं. घोडेवाल्यांना तोंडावर खरं सुनावणारा मी, साफ खोटं बोललो. त्यांनी मान हलवली. ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. 'कर मग,' एवढंच म्हणाले आणि शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. बैलगाडीतून नेऊन तिला मी आमच्या शेतात पुरली.

संध्याकाळी अप्पा बायडाबाईंना विचारत होते, घोडी कुणी सोडली. तेव्हापासून रोज सकाळी लगाम घेऊन मागच्या दारी जातात. शेजारच्या त्या बाईनं एकदा, चांगल्याच मनानं, ती मेली म्हणून सांगितलं. अप्पा त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. दुसऱ्या सकाळी परत लगाम घेऊन दारात. आता आम्ही सगळे एकच सांगतो, जोतीरामनं चरायला नेलीय. गेल्या आठवड्यात ते सापडेनात. शोधून शोधून पागेच्या जुन्या जागेवर मिळाले. तिथं आता गोदाम आहे. हमालांना विचारत होते, घोड्यांना पाणी दाखवलं का.

तुझ्यावर राग धरून हे लिहीत नाही. तू मागच्या वेळी आलास तेव्हा ते चार दिवस नीट बोलले असणार, माझ्याशीही वर्षभर नीटच बोलत होते. पण माझी शाहूवाडीला बदली झाली आहे. येत्या एक तारखेला हजर व्हायचंय. बायडाबाई एकट्या त्यांना सांभाळू शकणार नाहीत. तू त्याआधी ये, जमलं तर वहिनींना घेऊन ये, आणि त्यांना तिकडे न्यायचं की तू इकडे राहायचं ते इथं येऊन ठरव. आणखी एक सांगितलं पाहिजे, ते सगळ्यात जड आहे म्हणून शेवटी ठेवलं. शेवंती गेल्यापासून अप्पा मला नृसिंह म्हणतात. रोज सकाळी मी गेलो की विचारतात, 'कवा आलास भिलाईवरनं?' पहिल्या दिवशी मी दुरुस्त केलं, तर त्यांचा चेहरा एवढा पडला की पुन्हा नाही केलं. आत्ताच, असं म्हणतो आणि त्यांच्याशेजारी बसतो. तू येशील तेव्हा दारात मीही असेन. नृसिंह आलाय असं मी त्यांना सांगेन, आणि ते माझ्याकडे बघतील. तेव्हा तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्यांच्या जवळ जाऊन बस.

तुझाच,
बाबासो