शांताच्या पोटात पाणी ठरेना

बुधवार, ३ एप्रिल १९७४
आज सकाळी बुद्धवंदनेला एकीऐवजी तीन उदबत्त्या लावल्या. सुनेसाठी. शांताला तिसरा महिना, उठल्यापासून उलट्या. मी 'बुद्धं सरणं' म्हणायला लागलो की ती तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात जाते आणि वंदना संपेपर्यंत तिथेच बसते. वाईट वाटलं. आजकालच्या पोरींना श्रद्धा नाही, असंही मनात आलं.
मुलगा मधू ट्रक घेऊन मद्रासकडे. बायकोचे हाल त्याला कुठे माहीत. चौदा एप्रिलच्या जयंतीपर्यंत येतो म्हणाला होता.

शुक्रवार, ५ एप्रिल
उदबत्त्या पाच. उलट्या वाढल्याच.
शेजारची गिरजाबाई दारातूनच, "काहो भाऊजी, मच्छर मारून राहिले का? किती धूर हा. पोरीले वासानं मळमळते, दिसत नाही काय?"
सौ.ला विचारलं. तिला ठाऊक होतं. "तिनंच म्हटलं, मामाजीले सांगू नोका. वंदनेले कसं अडवाचं."
म्हणजे मी जिच्यासाठी लावत होतो तिलाच...
सगळ्या विझवल्या. गांधीबागेच्या बाजारात दिवसभर कापडाच्या गाठी बांधल्या, पण लक्ष नव्हतं. एक गाठ दोनदा सोडावी लागली.

रविवार, ७ एप्रिल
उदबत्तीविना वंदना. हातांना काय करावं कळेना. शांता भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसली. वाटलं, सुटलो. मग तिने पेलाभर पाणी प्यायलं, तेही बाहेर आलं.
सौ.ने आल्याचा रस दिला, लिंबाची फोड चोखवली, ज्वारीच्या लाह्या दिल्या. काही ठरत नाही. त्यात हे ऊन.

सोमवार, ८
दवाखान्याचं काढलं तर सौ. उसळली. "मागच्या साली नेलंच होतं ना? सुई टोचली अन् दोन दिवसांत पोट पडलं. आता पुन्हा तेच? मधूले येऊ द्या आधी."
सुईने गेलं की जायचंच होतं, मला माहीत नाही. तिलाही नाही. म्हणून तर धड भांडताही येत नाही.
शांताला थेट विचारावं, तर सासऱ्याने सुनेशी पोटापाण्याच्या अशा गोष्टी बोलायची आमच्यात रीत नाही. जे काय ते सौ.च्या तोंडून. आणि सौ. तर बोलायलाच तयार नाही.

मंगळवार, ९
वंदना तोंडाने चालू, कान मोरीकडे.
कामावरून सुटल्यावर वाडीला मधूच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत जाऊन आलो. मुन्शी म्हणाला, "मधूची गाडी खराब होऊन पडली गा रस्त्यात. जयंतीले काही येत नाही तो." परत येताना वस्तीत पोरं पताका बांधत होती. घरी सांगायचं धाडस होईना. जेवताना सांगितलं. सौ. ताटाकडे बघतच म्हणाली, "सकाळपासून पोरगी लघवीलेही गेली नाही."


बुधवार, १०
पहाटे पाणी भरताना शांता नळापाशी बसली ती उठेना. ओठ फाटलेले, डोळे आत गेलेले. रीत राहू दिली. समोर जाऊन उभा राहिलो.
"दवाखान्यात चालतं का बाई?"
पदर सावरायचंही त्राण नव्हतं. "भेव लागते, मामाजी."
"कायचं? सुईचं?"
"नाही. पुन्हा गेलं, त आत्याबाई मलेच म्हणतीन."
दिवसभर तेवढं वाक्य. तिला सासू काय म्हणेल, याच्यावर आम्ही आठवडा काढला. तरी आजही नेलं नाही. संध्याकाळी थोडी पेज राहिली पोटात, म्हणून थांबलो. थोड्या वेळाने तीही गेली.

गुरुवार, ११
दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितो आहे.
सकाळी रिक्षा दाराशी आणली. सौ. आडवी उभी. "काही झालं त मधूले कोण सांगीन?"
"मी सांगीन."
"अन् मले?"
मी शांताला हाक मारली. सौ. बाजूला झाली, पण सोबत आली नाही.
सासरा-सून एका रिक्षात बसत नाहीत. मी सायकल धरून बाजूने चालणार होतो. वळणावर शांताचा तोल गेला. सायकल पानठेल्याला टेकवली, वर चढलो, तिचा दंड धरून बसलो. ठेल्यावरून एक जण, "सुनेले फिरवून राहिले का गा मामा?" बाकीचे हसले. बघितलं नाही तिकडे.
नर्सने विचारलं, "बाप का?" सासरा म्हटल्यावर तिने एकदा वर पाहिलं. "बाईमाणूस नाही सोबत?" येईल म्हणालो.
डॉक्टरीणबाई रागावल्या. अंगातलं पाणी आटलं, इतके दिवस काय बघत होता म्हणाल्या. बाळाचं विचारलं. "आज नाही सांगता येत."
सुई टोचायच्या वेळी शांताने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग टोचली.
बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरतंय. तिचा डोळा लागला आहे. सौ. अजून आलेली नाही. आली की तिला पहिल्यांदा हेच सांगायचं, सुईला हो मी म्हटलं, पोरीने नाही.