मेघनाचं पोहणं आणि काठावरचा मी

मी, कुंडलिक आनंदा रोकडे, वय ७२, निवृत्त फिटर, राहणार डोंबिवली पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी शांताबाईचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही.

१. राहते घर माझ्या पश्चात शांताबाईचे, तिच्यानंतर मुलगा रत्नदीप याचे. माझी पान्यांची पेटीही रत्नदीपला द्यावी. त्याला नळाचा वॉशर बदलता येत नाही. पेटी बघून तरी लाज वाटावी.

२. कपाटातील माझी पोहण्याची चड्डी कोणालाही द्यावी. कोरी आहे. मला पोहता येत नाही, पण त्यामुळे माझ्या सूचना कधी अडल्या नाहीत.

त्याची हकीकत अशी. नात मेघना आठ वर्षांची असताना तिला तलावावर घातली. पोरगी काठाची दांडी सोडीना. मी काठाने फिरत ओरडायचो, "पाय मार! मान वर! श्वास घे!" ती आणखी घट्ट धरायची. शेवटी शिकवणाऱ्या शेवंती मॅडम म्हणाल्या, "आजोबा, पाण्याला नाही, तुम्हाला घाबरते ती. बाहेर जाऊन चहा घ्या."

मी बाहेर गेलो. पण चहाच्या टपरीच्या बाकावर चढून भिंतीवरून डोकावलो, आणि "पाय मार" म्हणता म्हणता माझाच पाय घसरला. घोटा मोडला. प्लास्टर चढले. रत्नदीपने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. ही गोष्ट मी विसरलेलो नाही, याची त्याने नोंद घ्यावी.

प्लास्टर निघाल्यावर काठी टेकत तलावावर गेलो. मेघना खोल बाजूला होती. तिने दांडी सोडली आणि निघाली. मधेच तिला दम लागला, डोके पाण्याखाली गेले. मी उठलो. तोंड उघडणार, तेवढ्यात हातातला तिचा टॉवेल मीच माझ्या तोंडात कोंबला. पोरगी घाई न करता पाठीवर उलटली, पडल्या पडल्या दोन-चार श्वास घेतले आणि पुन्हा हात मारू लागली. तिला कोणीही काही सांगितले नव्हते.

पलीकडचा काठ धरून तिने विचारले, "आजोबा, आज ओरडला का नाहीत?"

"तोंडात टॉवेल होता गं."

"मग रोज आणा."

त्या दिवशी घरी येऊन मी शांताबाईला सांगितले की पोरगी माझ्यामुळे शिकली. ती हसत सुटली, ती जेवण होईपर्यंत.

३. बँकेतील माझी सर्व ठेव मेघनाला, ती अठरा वर्षांची झाल्यावर, मिळावी. तिने ती कशावर खर्च करावी, पुढे पोहावे की पोहणे सोडून द्यावे, हे तिला कोणीही सांगू नये. मी जिवंत असतो तर सांगितल्याशिवाय राहिलो नसतो. म्हणूनच हे कलम माझ्या पश्चात लागू होत आहे.

हे मी वाचून, समजून सही केली.

कुंडलिक आनंदा रोकडे
डोंबिवली, १६ मार्च २०२५

साक्षीदार:
१. शेवंती भोईर, जलतरण प्रशिक्षक (सही). यांना या मृत्युपत्रात काहीही दिलेले नाही.
२. डॉ. सोनल मोकल (सही). दाखला यांचाच.