लक्षात-ठेव

४ मार्च, सोमवार

आलो एकदाचे! नवी नोकरी, नवं गाव आणि शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून मशीनची घरघर येते, पण उजेड भरपूर आहे, नळाला पाणी आहे. मला आणखी काय हवं? माझी सात वर्षांची लेक जिना चढायच्या आधीच शिंप्याला विचारून आली की उरलेल्या चिंध्यांचं तो काय करतो, त्याला मुलं किती, आणि सुई टोचली की रडतो का. तिच्या बापाच्या माघारी मी एकटी पडले नाही ती या अखंड टकळीमुळे. म्हणून तिचं नावच टकळी पडलंय.

७ मार्च, गुरुवार

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, चार टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा. पाणी केव्हा सुटेल, बस कुठवर आली, दवाखान्यात नंबर कधी, असं काहीही हवं असलं की गाव आमच्या प्रोग्रामला विचारतं. तो लिस्प नावाच्या जुन्या संगणकभाषेत आहे. म्हणजे कंसात कंस, कंसात कंस. मोजता मोजता डोळे पांढरे होतात. पण भाषा गुणाची. चालता प्रोग्राम न थांबवता त्याचा एखादा भाग काढून नवा बसवता येतो. हा तर सुरू झाल्यापासून कधी बंदच केलेला नाही. गावातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचं त्यात एक छोटं फंक्शन आहे, म्हणजे प्रश्न घातला की उत्तर देणारा कोडचा तुकडा. ज्यांनी हे सगळं लिहिलं त्यांना ऑफिसात आजोबा म्हणतात. ते आता निवृत्त व्हायला आलेत. आज त्यांनी माझं आणि टकळीचं फंक्शन बसवलं आणि त्याबद्दल माझ्याकडून चहा उकळला.

पहिलं काम फत्ते. नावापुढे एक रिकामी जागा राहिल्यामुळे एकाच न्हाव्याची दोन माणसं झाली होती. दुसऱ्याला मी जेवणाच्या सुट्टीआधीच मारला, असं सांगितल्यावर आजोबा खो खो हसले.

१२ मार्च, मंगळवार

प्रोग्रामची गोगलगाय झालीय, अशी तक्रार आहे. वेळ कुठं जातो ते तपासलं. बराचसा जातो तेच ते प्रश्न नव्यानं सोडवण्यात. यावर आजोबांनी एक मॅक्रो केलेला आहे. मॅक्रो म्हणजे कोड लिहिणारा कोड; आपण एक ओळ लिहायची, तो तिचं पानभर करतो. याचं नाव लक्षात-ठेव. तो ज्या फंक्शनला लावाल ते एका प्रश्नाचं उत्तर एकदाच शोधतं. पुन्हा तोच प्रश्न आला की विचार करायचा नाही, ठेवलेलं उत्तर काढून द्यायचं. आजोबांनी तो दोन-चार ठिकाणीच लावलाय. ज्याचं उत्तर कधी बदलत नाही तिथंच लाव, माणसांना लावू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. म्हाताऱ्या माणसांना प्रत्येक गोष्टीची धास्तीच फार.

१५ मार्च, शुक्रवार

आजोबा रजेवर होते आणि माझे हात शिवशिवत होते. एक ओळ लिहिली आणि झाडून सगळ्याला लक्षात-ठेव लावून टाकला. शिवाय किरकोळ फरकाचे प्रश्न एकच धरायचे, ही माझी भर. प्रोग्राम वाऱ्यासारखा पळतोय! मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

येताना टकळीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं, नाक गळत होतं. साधी सर्दी आहे, गरम पाणी द्या, म्हणाल्या. कुठं दुखतंय का विचारलं तर कार्टी हसत म्हणाली, कुठ्ठंच नाही.

१९ मार्च, मंगळवार

शिंप्याला सहज विचारलं, कसं काय चाललंय. उसासा टाकून म्हणाला, आजच सुई मोडली. काल हेच म्हणाला होता. परवाही. उसासासुद्धा तोच. एका माणसाच्या किती सुया मोडाव्यात!

मला आधी हसूच आलं.

२१ मार्च

शाळेत काय झालं, असं विचारलं की टकळी सांगते, एका मुलीचा दात पाण्याच्या बाटलीत पडला, आणि पोट धरून हसते. तीन दिवस झाले. त्या पोरीला दात तरी किती?

मग कधी न विचारलेलं विचारलं. मुंग्यांना गुदगुल्या होत असतील का? ती थांबली. कपाळाला आठ्या पाडून विचारात पडली, आणि मग लांबलचक उत्तर दिलं, मध्ये एक उचकी. माझीच पोर ती. मी तिला घट्ट धरलं.

थोड्या वेळानं शब्द फिरवून तेच विचारलं. त्याच आठ्या. तेच उत्तर. तीच उचकी, त्याच जागी.

शुक्रवारची माझी ती एक ओळ आठवली.

२२ मार्च

मॅक्रो काढायला बसले. घाईत एक कंस राहिला, प्रोग्रामनं चूक दाखवली. कंस घातला. तीच चूक. सगळं नव्यानं लिहिलं. तीच चूक. मग डोक्यात प्रकाश पडला. माझा कोड वाचून लागू करणाऱ्या कंपायलरलाही मी लक्षात-ठेव लावून बसलेय. किरकोळ फरक तो धरत नाही. मीच शिकवलंय त्याला. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा.

यंत्रंच बंद करावीत म्हटलं, पण त्या खोलीची किल्ली मोठ्या बाईंकडे असते. त्यांच्याकडे गेले, हातापाया पडले. त्यांनी माझी पाठ थोपटली.

२४ मार्च

आजोबांच्या घरी. सगळं सांगितलं, रडले. माणसांना लावू नकोस, म्हणाले. लावलाय हो आजोबा, आता काय करू? माणसांना लावू नकोस, म्हणाले.

२६ मार्च

टकळीला ताप. अंग भाजतंय. ओठ सुकलेत, गुडघे पोटाशी घेऊन पडलीय. विचारलं, कुठं दुखतंय. हसत म्हणाली, कुठ्ठंच नाही.

दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी हातही लावला नाही. साधी सर्दी. गरम पाणी.

मी ओरडले. साधी सर्दी. गरम पाणी.

२७ मार्च

दुसऱ्या गावी न्यायचं म्हणून थांब्यावर. बसवाला म्हणाला, पुढची दुपारी. दुपारी म्हणाला — पुढची दुपारी. पोरीला खांद्यावर टाकून चालत निघाले. रस्त्याचंही ठेवलेलं उत्तर एकच, वळून पुन्हा शिंप्याच्या दुकानाशी — सुई मोडली म्हणाला —

नवा प्रश्न हवा. एकदाच चालतो. टकळीला चंद्राचा विचारला, माशांचा, तिच्या बापाचा. सगळे संपले. दुखण्याच्या जवळ जाणारा एकही उरला नाही. दुखतंय का, बरं वाटत नाही का, काय होतंय — प्रोग्रामला सगळं एकच.

मी असं का — देवा, मला काय अवदसा आठवली —

२८ मार्च

एक उरलाय. कुठलीच आई लेकराला विचारत नाही असा. जीभ रेटत नव्हती.

विचारलं. तुला मरायची भीती वाटते का?

ती हसायची थांबली. माझ्याकडे वळली. तिचे डोळे. तिचेच.

हो म्हणाली. म्हणाली, पोटात उजवीकडे दुखतंय, कधीचं दुखतंय. मी रोज हाक मारते. तू रोज येतेस, कपाळावर हात ठेवतेस आणि म्हणतेस, झोप, सकाळी बरं वाटेल. रोज तेच. दुसरं काही बोलतच नाहीस.

मला आठवत नाही. एकदाही नाही. मी कधी म्हणाले? मी तर —

मीही — माझंही फंक्शन —

हाक मारतेय. ऐकू येतंय मला. उचलायचं तिला, दवाखान्याचं दार फोडायचं, तोंडातून एक शब्द काढायचा नाही — उठतेय — जवळ बसलेय — उजव्या हातात पेन आहे, डावा तिच्या कपाळावर, मी ठेवलेला नाही — तोंड मिटून — टकळे, मी नाही गं, हे मी नाही बोलत — झोप, सकाळी ब