सागाच्या फळीवरची हळद

२ फेब्रुवारी, सोमवार

आज गिऱ्हाईक आलं, पैली टेकली ती रंगुबाई. तिची सून आन् गाडी मागं रस्त्यावरच, ही चालत दारात! सांगलीची, घरचाच हळदीचा व्यापार. भाच्याकडं आमच्या अंकिताच्या हातचं कपाट बघून आली म्हणं. च्या न्हाई, पाणी न्हाई, सरळ अंकिताच्या सुतारकामाच्या शेडमधी. म्हशीच्या पाठीवर फिरवावा तसा फळीवर हात फिरवला. म्हणली, "सैपाकघराची समदी कपाटं सागाची करायचीत. रंग नगं, सनमायका नगं, शिरा दिसल्या पायजेत. पन आमच्या घरात हळद उडती. डाग पडला तर घेणार न्हाई." बारा तारखेला नमुना बघाय येती.

अंकिता माजी नात, आयटीआयात सुतारकाम शिकल्याली! आनंदानं मला हसूच आवरंना. पन जेवताना अर्जुना बोलला. माजा ल्योक, अंकिताचा बा, फौजेतनं आलाय, बोलणंबी तसलंच. "हे काम मिळालं तर शेड ऱ्हाईल. न्हाई तर कुलूप, आन् जतच्या पाहुण्यांना पोरगी बघाय बोलावतो." पोरीचा घास हातातच ऱ्हायला.

४ फेब्रुवारी

अंकितानं तीन फळ्यांना तीन पॉलिशं लावली — लाखेचं, मेलामाइनचं आन् पीयू म्हणून एक. त्येचा वास लय उग्र. मी म्हणलं, करडीचं त्याल चोळ की, आमी कुळवाला तेच लावायचो. तर म्हणती, "आज्जे, कुळवावर फोडणी कोण देतंय?" तोंडाळ हाय. लय गोड हाय.

आठ दिस हात लावू नगंस, म्हणली.

५ फेब्रुवारी

मला दम निघंना. अंकिता बिजागऱ्या आणाय साताऱ्याला गेल्याली. म्हणलं, आल्या आल्या पोरीला खुशखबर द्यावी. तेलात हळद कालवली, तिन्ही फळ्यांवर थापली, शेजारी तापल्यालं पातेलं टेकवलं. लाखेवर पांढरं कडं उठलं. मेलामाइन पिवळं. आन् पीयू — त्येच्यावरबी डाग. घासला, निघंना.

अंकिता आली, बघितलं, खालीच बसली. "वरनं वाळलंय आज्जे, आतनं कच्चं हाय अजून." नवी फळी केली तरी बाराला पक्की हुणार न्हाई. मला वंगाळ बोलली न्हाई. बोलली आसती तर बरं झालं आसतं.

अर्जुनानं पीयूची फळी परड्यात उन्हात फेकली.

७ फेब्रुवारी

अर्जुनानं जतला फोन केला. पाहुणे रविवारी, पंधराला येणार.

११ फेब्रुवारी

परड्यात गेले तर फळी दिसली. उचलली. डाग न्हाई! उन्हानं खाल्ला. हळदीचं लुगडं आमी उन्हातच टाकतो, पन लाकडाचं कुणाच्या ध्यानात येतंय.

अर्जुना म्हणला, "उद्या कुणी तोंड उघडायचं न्हाई." मी व्हय म्हणलं. अंकितानं फळी माज्या हातनं घेऊन शेडमधी नेली.

१२ फेब्रुवारी

रंगुबाईनं फळी हातात घेतली. "झ्याक झालीया."

तवर अंकिता बोलली, "काकू, ह्याच फळीवर डाग पडला हुता. पॉलिश कच्चं हुतं तवा. उन्हानं गेला. तुमच्या सैपाकघरात ऊन येणार न्हाई."

मी तिच्या पायावर पाय दिला, तरी बोलली. अर्जुना उठून भाईर गेला.

रंगुबाईनं कमरेच्या पिशवीतनं आपलीच हळद काढली, पाण्यात कालवून फळीवर थापली. मला म्हणली, "मावशी, च्या टाका." च्या कसा केला ठावं न्हाई, साखर घालायची ऱ्हायली. तसाच प्याली. मग फडक्यानं फळी पुसली. उजेडाला धरून लय येळ बघितली. पिवळं कायबी न्हाई, पॉलिश आता पक्कं झाल्यालं.

"मग पॉलिश पक्कं होईपतूर आठ दिस मी चूल कुठं मांडू?"

"परड्यात," अंकिता म्हणली.

रंगुबाई हसली न्हाई. "घरात इचारून कळवते," म्हणली आन् गेली.

१३ फेब्रुवारी

रंगुबाईचा फोन आला. अर्जुनानंच घेतला. मग त्यानंच जतला लावला — रविवारी येऊ नगा. रविवारी सांगलीची माणसं येणार हायत, कपाटांची मापं द्यायला.