दोन लाल रंगांची मोटार

॥ श्री ॥
नांदेड, ६ फेब्रुवारी १९९४

चि. राघूस सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

लातूरच्या एसटीने एक खोकं पाठवलं आहे. कंडक्टर वीरण्णा माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा बाप, तो घरी आणून देईल. वरची जपानी अक्षरं बघून बिचकू नकोस. मुज्तबाचा थोरला भाऊ नजीर जेद्दाहून येताना तुझ्यासाठीच घेऊन आला होता. भूकंपानंतर ते तुला द्यायचं कोणाला सुचेना, म्हणून मुज्तबाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात वरच्या फळीवर पडून होतं.

आत शर्यतीची मोटार आहे, सुट्या भागांत. पूर्ण झाली की कोपरापासून बोटांपर्यंत येईल एवढी मोठी. इंजिन, स्प्रिंगा, रबरी टायर, सगळं खऱ्यासारखं. आपणच जोडायची, आपणच रंगवायची.

तुला राग येणार, माहीत आहे. पण डॉक्टर म्हणतात उरलेली बोटं हलवत राहा, आणि तू म्हणे अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खाटेवर पडून दिवसभर आढं मोजतोस. अरे, पत्र्याला आढं तरी असतं का?

प्रमोदिनीला सांग, तिच्या आईचं वर्षश्राद्ध येईल तेव्हा मी नक्की येईन. दोघं जिवाला जपा. म्हातारीवरची माया आहे तेवढी तरी राहू द्या.
तुझी,
सिंधुताई

*

लातूर, १७ फेब्रुवारी १९९४

ती. ताईस राघूचा सा. न. वि. वि.

अक्षर प्रमोदिनीचं आहे, बोलणं माझं. खोकं पोचलं. ताई, ज्याला शर्टाची गुंडी लावता येत नाही त्याला तू तांदळाएवढे स्क्रू पाठवलेस. उजव्या हाताची दोन बोटं प्रमोदिनीच्या माहेरच्या भिंतीखाली राहिली, बाकीची वळत नाहीत. डाव्याने जेमतेम भात कालवतो. पुढच्या गाडीने खोकं परत पाठवतो, मुज्तबाच्या पोरांना दे.

कॉलेजची रजा वाढवली आहे. खडू धरता येत नाही तर फिजिक्स कसलं शिकवणार? पंचाक्षरी सर गल्लीत नवे क्लास काढून राहिलेत, दोनदा येऊन गेले. मी भेटलो नाही.
आशीर्वाद असू दे.
राघू

ता. क. ताई, हे मी माझ्या मनाने लिहितेय. खोकं परत येणार नाही. काल मेसच्या पोरींना वाढून बाहेर आले तर हे खाटेवर बसून टायर नाकाशी धरून वास घेत होते. मला बघून उशीखाली लपवला. — प्रमोदिनी

*

नांदेड, १३ मार्च १९९४

चि. राघूस अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड आलं, डाव्या हाताने लिहिलेलं पहिलं. अक्षर फार बारीक आणि फिकट आलंय, मला लागेना. मुज्तबाने दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं. जरा दाबून लिहीत जा.

प्लॅस्टिकच्या जाळीतून भाग तोडताना नेलकटर वापरतोस, ही युक्ती चांगली. एक भाग हातातून उडाला की तासभर खाटेखाली शोधतोस आणि तोंडाने नको ते बोलतोस, असंही प्रमोदिनीने कळवलं आहे. बोल, बोल. पाच महिने तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

तुला आठवतं का, तुझी पहिली मोटार? चाकांना पॉलिशच्या डब्या, मुज्तबाच्या अब्बांच्या सायकल दुकानातले छर्रे, आणि रंग म्हणून माझा आलता. गुरुद्वाऱ्याकडच्या उतारावरून तुम्ही ती सोडली आणि ती थेट एका भल्या माणसाच्या उसाच्या गाड्याखाली गेली. तो ओरडायला उठला, तुम्ही दोघं पसार, आणि मी परकर सावरत उभी! त्याने मलाच विचारलं, पोरी, ही रंगवली कोणी? मी म्हटलं, मी. तर त्याने राग सोडून मला रस पाजला. माझ्या चित्रकलेची पहिली कमाई ती. पुढे तीस वर्षं मुलींना चित्रकला शिकवली, पण तशी दाद मिळाली नाही.

म्हणून म्हणते, जोडणी तू कर. वरचं धूड, ते बाहेरचं रिकामं कवच, माझ्याकडे पाठव. रंग माझा.
दोघांवर लोभ आहेच, तुमचा कमी होऊ देऊ नका.
सिंधुताई

*

लातूर, २२ मे १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

दाबून लिहितोय. इंजिन झालं! आठ नळ्या, प्रत्येकीला केसासारखी वायर. वायर भोकात जाता जात नव्हती. डाव्या हाताने चिमटा धरायचा आणि उजव्याच्या अंगठ्याने इंजिन खाटेला दाबून ठेवायचं, असं करत करत परवा लक्षात आलं की अंगठ्याबरोबर शेजारचं बोटही दाबायला लागलंय. प्रमोदिनीला दाखवलं. ती कणीक मळत होती, तसेच भरले हात डोळ्यांना लावले आणि मग डोळ्यांत कणीक गेली म्हणून माझ्यावरच चिडली.

तिची मेस जोरात आहे. उमरीच्या, जळकोटच्या, औशाच्या पोरी. गल्लीत ज्याच्याकडे चार भिंती आहेत तो खोल्या भाड्याने देऊन राहिलाय. भिंतींना तडे आहेत, त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटवल्यात. पोरी जेवता जेवता शेडमध्ये डोकावतात. जळकोटची एक विचारत होती, सर, वळणावर ही गाडी उलटत का नाही? मी उत्तर द्यायला लागलो तर वरणाची वाटी घेऊन चौघी खाली बसल्या. तासभर बोललो असेन.

अजून शेडमध्येच झोपतो. घरात गेलं की नजर वर जाते.

धूड वीरण्णाबरोबर पाठवलंय. डब्यावरच्या चित्रासारखं, लाल, मधून पांढरा सरळ पट्टा, दोन्ही बाजूंना सहाचा आकडा. आकड्यांची चित्रं पाण्यात भिजवून अलगद सरकवायची असतात, तू जाणतेसच.
तुझ्या मायेचा भुकेला,
राघू

*

नांदेड, १० जुलै १९९४

चि. राघूस आशीर्वाद.

धूड रंगवून पाठवत आहे. वर्गात चित्रावर वार्निश मारायची तोंडाने फुंकायची नळी होती ना, तिनेच फवारलं. पातळ थर, वाळू द्यायचं, पॉलिश पेपर, परत थर. मुज्तबाने गाड्यांचा रंग दिला. हात भरून आला, पण फार दिवसांनी बरं वाटलं.

स्केचपेनने लिहितेय, बॉलपेन रुसलाय. पत्र लहान आहे, गोड मानून घे.
सिंधुताई

*

लातूर, १९ जुलै १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

गाडी पाहिली. ताई, खरं सांग, मुज्तबाच्या पोरांना बसवलंस ना रंगवायला? डावी बाजू कुंकवाची, उजवी बाजू गाजराची. पट्टा पुढे सरळ निघतो आणि मागे पोचेपर्यंत औशाच्या रस्त्यासारखा वळतो. आणि एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला उलटा चिकटून नऊ! ही एकटीच दोन शर्यती पळणार. आमच्या मेसच्या पोरी हसून हसून पडल्या.

तू माझ्या वहीतली रेघ अर्ध्या सुताने चुकली तर पान फाडायला लावायचीस, त्या तुझी ही कारागिरी. तुला हे पत्र वाचून तरी राग येऊ दे.
राघू

*

नांदेड, २४ जुलै १९९४

राघ्या, मुज्तबाचा सलाम. खैरियत.

मी काही लिहिणारा माणूस न्हाई. तुझं पत्र आज ताईंना मीच वाचून दाखवलं. गाजरापर्यंत वाचलं आन पुढं वाचवेना. ताईच म्हणाल्या वाच. शेवटपर्यंत ऐकलं, हसल्या, म्हणाल्या पोरींचं मन रमलं, बरं झालं. मग छत्री इसरून गेल्या.

त्यांना दिसत न्हाई राघ्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय, लई दाट. वजिराबादेत भर दुपारी केळ्याच्या हातगाडीवर जाऊन आदळल्या. रंगाचे डबे घ्यायला आल्या तवा मला विचारलं, यातला लाल कुठला. ज्यांनी आपल्याला लाल-पिवळा शिकवला त्या मला विचारून राहिल्या. पहिला डबा संपला, दुसरा नेला, तो निराळा निघाला, त्यांना कळलंच न्हाई. आकडे बोटांनी चाचपून लावले.

ऑपरेशनचं काढलं की म्हणतात अजून पिकला न्हाई. खरं कारण येगळं हाय. म्हणतात, घरी बघायला कोण? राघूचाच हात असा, त्याला कशाला घोर. मला कसम घातली होती सांगायची न्हाई म्हणून. ती मी आज मोडली, अल्ला माफ करील. तू ये.
दुआ असू दे.
मुज्तबा

*

लातूर, २७ जुलै १९९४

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आजच वीरण्णाबरोबर देतोय, मुज्तबा तुला वाचून दाखवील. त्याच्यावर रागावू नकोस.

परवाच्या गाडीने मी येतोय. प्रमोदिनी सोबत येते म्हणाली, पण मेस कोण बघणार, म्हणून एकटाच निघतोय. दवाखान्याचं मुज्तबा बोलून ठेवील. आधी एक डोळा, मग दुसरा. तुझ्या डोळ्यांत थेंब घालायला डावा हात पुरे आहे, आता थरथरत नाही, ते काम तूच केलंस. भात मी लावीन. कच्चा राहिला तर मुकाट्याने खायचा.

तुझं घर स्लॅबचं आहे. रात्री मी आत झोपेन. नाही झोप आली तर तुझ्या उशाशी बसून राहीन, तेवढं चालवून घे.
येतोच.
राघू

*

॥ श्री ॥
नांदेड, ४ डिसेंबर १९९४

चि. राघूस व चि. सौ. प्रमोदिनीस सिंधुताईचे अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. हे पत्र बॉलपेनने लिहितेय, आणि तुझं डाव्या हाताचं अक्षर मुळीच बारीक नाही, चांगलं टपोरं आहे, हे आता कपाटातली कार्डं काढून पाहिलं.

दोन्ही डोळे झाल्यावर लातुरात येऊन मी ती मोटार पाहिली, राघू. तुम्ही सगळे सौम्य बोललात. इतकं वाईट काम माझ्या हातून पहिल्या वर्षीही झालं नव्हतं. मी पॉलिश पेपर काढला तेव्हा तू मोटार उचलून सरळ क्लासला निघून गेलास, त्याचा भयंकर राग आला होता. मग संध्याकाळी प्रमोदिनी मला खिडकीशी घेऊन गेली. पंचाक्षरी सरांचा वर्ग खचाखच भरलेला, पोरी दारापर्यंत, आणि तू डाव्या हाताने फळ्यावर वळण काढून विचारत होतास की आता ही सहा नंबरची गाडी आत झुकेल का बाहेर. मागून कोणीतरी म्हणालं, सर, आमच्या बाजूने नऊ आहे. सगळा वर्ग हसला. तूही हसलास. ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं, आणि डोळ्यांनी पाहिलं नव्हतं ते तर त्याहूनही आधीपासून. असू दे तो रंग तसाच. माझं नाव मात्र कोणाला सांगू नकोस.

आता परतीची गंमत ऐक. लातूर सुटल्यापासून मी रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचत होते. अकरावी-बारावीचे क्लास, मुलींसाठी खोल्या, घरगुती डबा, पुढे वळण आहे. आपण मोठ्याने वाचतोय हे मला कळलंच नाही. शेजारी उदगीरकडची एक आजी होती, गौरम्मा नावाची. तिने विचारलं, बाई, आत्ताच साळा शिकलाव का? मी म्हटलं, हाव, आत्ताच. तर म्हणाली, मग मोठ्यानंच वाचा, आमाला बी कळू द्या. मग काय, अहमदपूर गेलं, सगळं गाव मी तिला वाचून दाखवलं. न्हाव्याचं दुकान सुद्धा सोडलं नाही.

लोह्याला तिला उतरायचं होतं. स्टँडसमोर जावयाने नवीन दुकान टाकलंय म्हणाली, कुठल्या देवाचं नाव दिलंय तेवढं बघा. पाटी नवी कोरी होती, निळ्यावर पिवळी अक्षरं. असला स्वच्छ निळा मी किती तरी दिवसांनी बघितला. मी वाचलं, गौरम्मा किराणा स्टोअर्स. तिला वाटलं मी थट्टा करतेय. परत वाचायला लावलं. मग अक्षरा-अक्षरावर बोट दाखवून वाचायला लावलं. गाडी थांबलेली, मागची माणसं ओरडताहेत, वीरण्णा घंटीची दोरी धरून उभा, आणि ती माझा हात काही सोडेना. तिच्याबरोबर मीही ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

थंडी पडलीय, घरात झोपतोस तरी पांघरूण घेत जा. तुमच्या लोभाची सवय झाली आहे, ती मोडू नका.
तुमची,
सिंधुताई