खाजगी रकाना

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५. आष्टी

दिसतोय! अजून दिसतोय! सकाळपासून अकरा वेळा यादी छापली आणि अकराही वेळा ‘गरोदर’ हा रकाना जागच्या जागी. कोडमध्ये त्याच्या डोक्यावर मी स्वतःच्या हाताने @खाजगी लिहिलंय. तरीही!

जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची ही तऱ्हा मला मान्यच नाही. एरवी एक अर्धविराम राहिला तर घर डोक्यावर घेते. आता खरोखर काहीतरी चुकलंय, तर तोंडातून शब्द नाही.

शनिवारी संस्थेच्या शिबिरात ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तपासणी झाली. तिची यादी टोळीच्या मुकादमाला द्यायची असते – रक्तगट, धनुर्वाताचं इंजेक्शन, बीपीच्या गोळ्या. चांगली पद्धत आहे. पण गेल्या वर्षी त्यात गरोदरपणही छापून गेलं, आणि मुकादमांनी दोन जोड्या ऐनवेळी गाडीतून उतरवल्या. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. बाई नको तर नवराही नको. त्या बायका ऑफिसात येऊन रडल्या होत्या. यंदा हा रकाना मुकादमाच्या कागदावर जाणार नाही म्हणजे नाही.

यादी शुक्रवारी द्यायचीय.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सुंदरराव सर – आमचे सचिव, निवृत्त मुख्याध्यापक – तीनदा खुर्चीमागे येऊन उभे राहिले. “अगं, तू खाजगी लिहिलंस ना त्याच्यावर? मग झालं की!”

नाही झालं, सर!

त्यांना समजावता समजावता घसा बसला. असं ‘@’ लावून लिहिलेलं ॲनोटेशन स्वतः काहीही करत नाही. ती नुसती नोंद – या गोष्टीबद्दल अमुक लक्षात ठेवा, एवढंच सांगणारी. वाचणारा असेल तर उपयोग. @ओव्हरराइड लिहिलं की ‘आधीच्या कोडमधली कृती मी इथे नव्याने लिहितेय’ असा अर्थ. त्या कृतीचं नाव चुकलं तर कोड तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर लगेच ओरडतो, कारण ते वाचायचं त्याला शिकवलेलं आहे. माझं @खाजगी मी घरी बनवलेलं. कंपायलरला त्याचं सोयरसुतक नाही. ते वाचून रकाना गाळायचं काम यादी छापणाऱ्या कोडचं, आणि तो कोड रुद्रेशचा. माझ्याबरोबर शिकलेला, परळीचा, आता पुण्यात. फोन उचलत नाही!

सर म्हणाले, “मग वाचणाऱ्याला सांग की, नीट वाच म्हणून.” बरोबर बोलले, म्हणून जास्तच राग आला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

रुद्रेशने फोन उचलला. आभारी आहे!

“माझा कोड बरोबर हाय बे. एकेका रकान्याला विचारतो, तुझ्यावर खाजगी हाय का? तुझा रकाना न्हाई म्हनतो. मी काय करू?”

मला बे म्हणतो!

मग दिवसभर स्पेलिंग तपासलं. ‘मराठीत नाव ठेवलंस म्हणून अडलं असेल,’ असाही एक शहाणपणा त्याने पाठवला. मराठी नाव बदलून बघितलं. काही फरक नाही. परत मराठी ठेवलं. मुद्दाम!

काम करताना सारखी उज्ज्वला आठवते. आप्पाराव मुकादमाच्या टोळीतली. शिबिरात माझ्याच टेबलावर आली होती. पोटात तीन महिन्यांचं आहे, तसं लिहून घ्या, असं तिनेच सांगितलं. गेल्या साली उसाच्या फडातच गर्भ पडला तिचा. तिने दोनदा विचारलं, “ताई, हे मुकादमाच्या कागदावर येतं का?” मी म्हणाले, “अजिबात नाही. घाबरू नको.” तिने परत एकदा कागदाकडे बघितलं. जीव भांड्यात पडला असेल बिचारीचा. लोहाच्या गोळ्या दिल्या, तिकडच्या डॉक्टरांसाठी बंद पाकिटात चिठ्ठी दिली.

तिला शब्द दिलाय आणि इथे एक रकाना माझं ऐकत नाही. रडू यायचं बाकी आहे.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सापडलं! आणि सापडल्यावर राग दुप्पट!

ॲनोटेशन कुठवर टिकवायचं हे ते बनवतानाच सांगावं लागतं. फक्त आपण लिहिलेल्या कोडमध्ये, की कंपायलरने तयार केलेल्या क्लास फाइलपर्यंत, की प्रोग्राम चालू असतानाही. मी काहीच सांगितलं नव्हतं. मग जावा स्वतःच्या मनाने मधलं निवडते – फाइलमध्ये असतं, पण चालू प्रोग्रामने विचारलं तर दाखवत नाही. आहेराच्या पाकिटावर आतल्या बाजूने नाव लिहावं तसं. नाव आहे, पण वाचणाऱ्याला दिसणार कुठून?

म्हणजे रुद्रेश बरोबर. मीही बरोबर. आणि रकाना छापला जातोय!

एक ओळ घातली. रिटेन्शन, रनटाइम – म्हणजे प्रोग्राम चालू असतानाही टिकव. यादी छापली. रकाना गेला. एका ओळीसाठी चार दिवस!

रुद्रेश म्हणाला, “इतकंच व्हतं व्हय?” मी फोन ठेवला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

यादी दिली. आप्पारावांनी बोट फिरवत एकेक नाव वाचलं. उज्ज्वलाच्या नावावर बोट थांबलं नाही. “समद्या धडधाकट हायत की!” म्हणाले. मला टाळी वाजवावीशी वाटली.

सोमवार, २० ऑक्टोबर

सर म्हणतात, पुढच्या वर्षी यादी रंगीत करू. ऐन दिवाळीत भांडण नको, म्हणून मी लाडवांचा डबा पुढे केला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

भाऊबीज झाली आणि आज टोळी निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी, माणसं. एकाही जोडीला उतरवलं नाही! उज्ज्वला मागच्या ट्रॉलीत बसली होती. मी हात केला. तिने बघितलं, पण हात केला नाही. नवरा शेजारीच होता, लाजली असेल.

सर रस्त्यातच जोरात म्हणाले, “बघ, लेबल लावलं की होतं काम.” देवा!

मंगळवार, २८ ऑक्टोबर

उज्ज्वलाचा फोन आला. कुणाच्यातरी मोबाईलवरून, फडातून. सकाळपासून पोटात दुखतंय. मी म्हणाले, चिठ्ठी घेऊन आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, मी मुकादमाशी बोलते.

ती म्हणाली, “आता बोलता व्हय? ताई, मला यंदा यायचंच नव्हतं. त्या कागदावर आलं असतं तर मुकादमानंच मला नको म्हनलं असतं. घरात माझं कुनी ऐकत न्हाई, त्याचं ऐकतेत. म्या त्याच्यासाठीच तुमाला लिवून घ्याया लावलं व्हतं.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलंच न्हाई.”