पाच दिवसांचा राजा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की पनवेलच्या शाळेत आता तुमचं नाव सांगूनही कुणाला काही आठवत नाही. तरी लिहिते आहे.

नववीचा वर्ग, दुपारचा तास. तुम्ही पुस्तक मिटता आणि म्हणता, "हे परीक्षेला नाही, पण ऐका." मग फ्रान्सच्या कापे घराण्याची गोष्ट. तीनशे वर्षं बापामागून मुलगा गादीवर बसत आला, एकदाही खंड पडला नाही. पुढे एका राजानं एका म्हाताऱ्या सरदाराला जिवंत जाळलं. जळता जळता त्यानं राजाच्या वंशाला शाप दिला, असं लोक म्हणत. वर्ष सरायच्या आत राजा मेला. त्याला तीन मुलगे. थोरला गादीवर बसला आणि थोड्याच काळात अचानक गेला, मागे एक मुलगी आणि गरोदर राणी ठेवून. राणीला मुलगा झाला, जन्मतःच राजा. पाचव्या दिवशी मेला. "सटवी नशीब लिहायला यायच्या आधीच," तुम्ही म्हणालात. काका राजा झाला. मुलीला सांगितलं, बाईमाणसाला राज्य नाही.

माझे वडील नुकतेच तापानं गेले होते. तीन भावांतले ते थोरले. मी एकुलती एक मुलगी, आई गरोदर, आणि मुलगा झाला नाही तर आमचं मिठागर मधल्या काकांचं, हे सगळं गाव धरून चाललं होतं. माझ्या आजोबांनी मिठागराच्या बांधावरचं एका कातकऱ्याचं खोपट पेटवलं होतं. आतला म्हातारा बाहेर आलाच नाही. हे मात्र आमच्या उंबऱ्याबाहेर कुणी बोलत नसे.

तास संपल्यावर मी तुमच्यापाशी आले. मी काही बोलायच्या आत तुम्हीच विचारलंत, "आईचे दिवस भरले ना?"

त्याच आठवड्यात भाऊ झाला. पाचवीच्या दिवशी सकाळीच तुम्ही आमच्या दारात. आईनं तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं. तुम्ही सरळ बाळंतिणीच्या खोलीत गेलात, बाळाला मांडीवर घेतलंत आणि भिंतीला टेकून बसलात. बायका मागच्या पडवीत पूजेचा पाटा-वरवंटा धूत होत्या. मधले काका आले, हात पुढे केले.

"द्या माज्याकडं. आमचा वंश हाय त्यो."

"नाही."

"मास्तरीणबाई, घर आमचं हाय."

तुम्ही वर पाहिलंत आणि अगदी हळू विचारलंत, "आणि खोपट कुणाचं होतं?"

काकांचे हात तसेच पसरलेले राहिले. मग काका उलट्या पावलांनी अंगणापर्यंत गेले. पुन्हा त्या खोलीत ते कधीच आले नाहीत. सांजेला पूजा झाली, सहावा दिवस उजाडला, बाळ दूध प्यायलं.

आम्हाला वाटलं, गोष्ट तिथं मोडली. पण काका गेले, निपुत्रिक. मग धाकटे काका, तेही तसेच. पुष्कळ वर्षांनी मी कापे घराण्याचा शेवट वाचला, तुम्ही वर्गात न सांगितलेला. उरलेले दोघे भाऊही एकामागून एक राजे झाले, मुलगा मागे न ठेवता मेले आणि गादी चुलत घराण्यात गेली. माझा भाऊ मात्र जगला, म्हातारा झाला. त्यानं लग्न केलं नाही. का, ते विचारलं तर नुसता हसतो.

आई शेवटपर्यंत तुमचं नाव हात जोडून घ्यायची. मीही जोडते. पण आमच्या उंबऱ्याबाहेर कधी न गेलेलं ते खोपट तुम्हाला कसं ठाऊक होतं, हे मला आजही कळलेलं नाही. हे पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. कारण काकांची भीती मला त्याच दिवशी सोडून गेली, बाई. तुमची अजून गेलेली नाही.